पाय घसरला तर

‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही मद्यासक्तांनी मद्यासक्तांसाठी चालविलेली जगद्विख्यात संघटना आपला स्थापनादिन १० जून १९३५ हा मानते. त्या दिवशी सभा भरली नव्हती की ठराव झाला नव्हता. अमेरिकेतील ॲक्रन शहरी डॉ. रॉबर्ट स्मिथ नावाच्या शल्यविशारदाने अखेरचे मद्य घेतले, एवढेच. परंतु त्याआधीची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. मे महिन्यात त्यांना बिल विल्सन भेटला. तो स्वतः मद्याच्या पाशातून नुकताच सुटलेला. त्याच्या सहवासात डॉक्टर काही आठवडे मद्यापासून दूर राहिले, आणि मग अटलांटिक सिटीला वैद्यकीय अधिवेशनासाठी गेले असता इतके प्याले की पुढचे काही दिवस त्यांच्या स्मृतीतून पुसलेच गेले. ते परतल्यावर पत्नी ॲन आणि विल्सन यांनी त्यांना घरी सांभाळले. ‘झाले ते व्यर्थ गेले’ असे कोणी म्हटले नाही. १९५० साली मृत्यू येईपर्यंत डॉक्टरांनी पुन्हा मद्य घेतले नाही.

आपल्या घरांतून मात्र ‘व्यर्थ गेले’ हेच वाक्य प्रथम उच्चारले जाते. मुलाच्या डोक्यावर हात ठेवून घेतलेली शपथ, गळ्यात घातलेली तुळशीची माळ यांनी पुष्कळांना तारले आहे, हे नाकारण्याचे कारण नाही. पण माळ मोडली की ‘आता बाटलोच, मग कशाला थांबायचे?’ हा विचारही तिच्याबरोबरच येतो. ॲलन मार्लॅट या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने जूडिथ गॉर्डन यांच्यासह १९८५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नेमकी हीच मनःस्थिती वर्णिली आहे. एका पेल्याने जे बिघडत नाही, ते त्या पेल्यावरून स्वतःविषयी काढलेल्या निष्कर्षाने बिघडते.

म्हणून घसरणीनंतरचे पहिले दोन-तीन दिवस मोलाचे. सतत आठ-दहा दिवस पिणे झाले असेल, तर माणसाला खोलीत कोंडून दारू एकाएकी तोडू नये. झटके येतात, भ्रम होतो, प्राणावरही बेतते. अशा वेळी डॉक्टरच हवा. दुसरी गोष्ट अधिक नाजूक आहे. दारूचा तिटकारा आणणारी म्हणून डायसल्फिराम ही गोळी १९४८ पासून प्रसिद्ध आहे, आणि ती चहातून, आमटीतून नकळत देणाऱ्या गृहिणी आजही आहेत. त्यांची अगतिकता समजते. पण गोळी पोटात असताना मद्य घेतले तर रक्तदाब एकदम उतरून मृत्यूही ओढवू शकतो. गोळी थांबविल्यावरही दोन आठवड्यांपर्यंत हा धोका राहतो. ती घेणाऱ्याला ठाऊक असलीच पाहिजे.

शुद्धीवर आल्यानंतर ‘का प्यायलास?’ याऐवजी ‘त्या दिवशी काय काय झाले?’ असे विचारावे. बहुधा भांडण, उदासपणा किंवा जुनी संगत यांपैकी काहीतरी निघते. पगाराचा दिवस, वरात, शिमगा अशा जागा एकदा ओळखता आल्या की पुढच्या वेळी वाट बदलता येते.

महाराष्ट्राबाहेरच्या आपल्या घरांना येथे एक जास्तीची अडचण असते. डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी पुण्यात १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या ठिकाणी उपचार घेऊन कोणी बेळगाव वा इंदूरला परतला, तर आधाराची माणसे मागे राहतात आणि जुनी गल्ली समोर उभी ठाकते. त्यातून मराठी मंडळ लहान, प्रत्येकाला प्रत्येकाची खबर. वडोदऱ्यात तर दारूबंदीच्या कायद्याचे भय वेगळेच. मग घसरण झाकली जाते आणि झाकल्यामुळे वाढते. मंडळात सांगावे असे मुळीच नाही, पण एका विश्वासू माणसाला आणि डॉक्टरला सांगावेच.

बिल विल्सनची पत्नी लोइस हिने १९५१ साली मद्यासक्तांच्या घरच्यांसाठी ‘अल-ॲनॉन’ उभी केली. भारतातही तिच्या सभा भरतात. घरातला पिणारा उपचाराला तयार असो वा नसो, बायकोला, आईला तेथे एकटीने जाता येते.