फोटोच्या पोटात

गेल्या पावसाळ्यात एक निवृत्त गुरुजी पारशिवनीतल्या माझ्या ऑनलाइन सेंटरवर पेनड्राइव्ह घेऊन आले. घराण्याची माहिती त्यांनी कधीतरी वर्डमध्ये टाइप करून घेतली होती आणि त्यात वडिलांचा फोटो टाकला होता. मूळ फोटो भिंतीच्या ओलीने गेला, स्कॅन केलेला सापडत नव्हता आणि आता ती वर्डची फाइलही उघडेना. "ताई, बाकी जाऊ द्या. फोटो तेवढा निघते का बघा."

मी आधी फाइलची एक कॉपी केली. तिच्या नावात टिंबानंतर 'डॉकएक्स' लिहिलं होतं, ते पुसून तिथे 'झिप' लिहिलं आणि डबल क्लिक केलं. आत फोल्डर दिसले. त्यातल्या 'वर्ड' नावाच्या फोल्डरमध्ये 'मीडिया' नावाचं दुसरं फोल्डर, आणि त्यात एकच फोटो. बिघाड मजकुराच्या भागात होता. फोटोला धक्काही लागला नव्हता.

यात जादू काही नाही. वर्डची आजची फाइल मुळात झिपचं गाठोडंच असते. मजकूर, अक्षरांची मापं, चित्रं, सगळं वेगवेगळं ठेवून एकत्र बांधलेलं. अँड्रॉइड फोनमधलं अ‍ॅप ज्या एपीके फाइलमधून बसतं, तीही आतून झिपच. झिप फाइल नोटपॅडमध्ये उघडली की अगम्य चिन्हांच्या आधी 'पीके' ही दोन इंग्रजी अक्षरं दिसतात. झिपची रचना करणाऱ्या फिल कॅट्झची ती आद्याक्षरं. फाइल कशाची आहे हे या आतल्या खुणेवरून ठरतं. टिंबापुढचं नाव म्हणजे दुकानावरची पाटी. ती कोणीही बदलू शकतो. शिवाय विंडोज ती पाटी सहसा दाखवतच नाही, म्हणून माझ्या प्रत्येक कॉम्प्युटरवर ती दिसेल अशी सेटिंग मी करून ठेवली आहे.

एक फाइल दुसरीत लपवण्याची सगळ्यात सोपी युक्ती याच रचनेतून निघते. जेपीजी फोटोला सुरुवातीची आणि शेवटची अशा ठरलेल्या खुणा असतात. फोटो दाखवणारा प्रोग्राम शेवटच्या खुणेशी थांबतो, पुढे काय आहे ते बघत नाही. झिप उघडणारा प्रोग्राम मात्र यादी शोधायला फाइलच्या शेपटाकडून सुरुवात करतो. म्हणून फोटोला मागून झिप जोडली, तर तीच फाइल एकाला फोटो दिसते आणि दुसऱ्याला गाठोडं. असा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर नेहमीसारखा पाठवला, तर तो नव्याने आवळला जातो आणि शेपूट गळून पडतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर जसाच्या तसा पोचतो.

दुसरी युक्ती जास्त बारीक आहे. फोटोतल्या प्रत्येक ठिपक्यात लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाचे ० ते २५५ मधले तीन आकडे असतात. २०० चा २०१ केला तर डोळ्याला कळत नाही. या एकाच्या फरकात निरोप भरायचा. १० लाख ठिपक्यांच्या फोटोत देवनागरीची अक्षरं-काना-मात्रा धरून सुमारे सव्वा लाख खुणा मावतात.

आपल्याकडच्या महानुभावांनी पोथ्या सकळ लिपीत लिहिल्या. पोथी समोर दिसायची, पण किल्ली माहीत नसलेल्याला वाचता येत नसे. ते कुलूप होतं. इथे कुलूपच दिसत नाही, कारण पेटी आहे हेच कळत नाही.

आता ज्यासाठी मी हे मनापासून लिहिते आहे ते. ऑगस्ट २०२५ मध्ये हिंगोलीच्या एका सरकारी कर्मचाऱ्याला व्हॉट्सअ‍ॅपवर लग्नाचं आमंत्रण आलं. वरून ती पीडीएफ पत्रिका वाटत होती, प्रत्यक्षात एपीके होती. उघडली, आणि खात्यातून १ लाख ९० हजार रुपये गेले. लग्नसराईत आपल्या गावांत पत्रिका आता फोनवरच येतात, म्हणून मी प्रत्येकाला सांगते: पत्रिका कधीच 'इन्स्टॉल करू का?' असं विचारत नाही. विचारलं, तर ते अ‍ॅप आहे.

नुसता फोटो बघितल्याने पैसे जातात का, हेही लोक घाबरून विचारतात. फोटोत लपलेलं आपोआप चालू होत नाही. त्यासाठी फोटो उघडणाऱ्या प्रोग्राममध्येच भोक लागतं. २०२१ मध्ये कॅनडाच्या सिटिझन लॅबने तसंच भोक आयफोनमध्ये शोधलं होतं. 'जिफ' नाव लावून आलेल्या काही फाइल प्रत्यक्षात पीडीएफ होत्या. अ‍ॅपलने त्याच वर्षी सप्टेंबरात ते बुजवलं. फोनचं अपडेट टाळू नका, ते यासाठी.

आणि आधार कार्डाचा फोटो वर्डमध्ये चिकटवून नको तो भाग क्रॉप करून पाठवणारे रोज येतात. क्रॉप केलेला भाग दिसत नाही, पण बहुतेक वेळा फाइलमध्ये तसाच राहतो. मी त्यांना वर्डची फाइल पाठवू देत नाही. आधी फोटोच कापून नवा सेव्ह करते.

हे मला गुरुजींच्याच फाइलमध्ये लख्ख दिसलं. 'मीडिया'तला फोटो मी मोठा केला. वडील खुर्चीवर, पगडी, हातात काठी. टाइप करणाऱ्याने फोटो एकट्या वडिलांपुरता ठेवला होता. गाठोड्यात तो पूर्ण होता. खुर्चीमागे डोक्यावर पदर घेतलेली एक बाई उभी होती.

गुरुजींनी चष्मा काढून पुसला, परत लावला. मग स्क्रीनजवळ वाकून म्हणाले, "हे माही माय होय."

दोन प्रिंट काढल्या.