विश्लेषण : वासरांच्या शिंगकळ्या कधी डागाव्यात, कधी नाही?

महाराष्ट्रातील अनेक दूध उत्पादक दावणीचा गोठा सोडून मुक्तसंचार पद्धतीकडे वळले आहेत. गाईंना फिरायला जागा मिळाली, पण शिंगांचा प्रश्न पुढे आला. मोकळी गाय गव्हाणीवर किंवा पाण्याच्या टाकीजवळ दुसरीला ढुशी देते, तेव्हा शिंग थेट पोटाला वा कासेला लागते. राखणाऱ्या माणसालाही धोका असतोच. म्हणून संकरित वासरांच्या शिंगकळ्या लहानपणीच डागल्या जातात. मात्र हे काम कोणत्या वयात आणि कसे होते, यावर वासराला होणारा त्रास अवलंबून असतो.

वयाला एवढे महत्त्व का?

जन्मानंतर साधारण दोन महिन्यांपर्यंत शिंगाची कळी कातडीतच असते. ती कवटीला जोडलेली नसल्याने चाचपल्यावर हलते. या काळात कळीभोवतीच्या पेशी नष्ट केल्या की शिंग उगवत नाही. पुढे कळी हाडाला चिकटते आणि शिंग वाढत जाते तशी कपाळातील सायनसची पोकळी त्यात शिरते. मोठ्या जनावराचे शिंग बुडापासून कापले, की ही पोकळी उघडी पडते. रक्तस्राव होतो, पू धरतो, जखमेत अळ्या पडतात. दोन-तीन आठवड्यांच्या वासरात काही मिनिटांत होणारे काम मोठ्या कालवडीत शस्त्रक्रिया होऊन बसते.

पद्धती कोणत्या?

तापवलेल्या उपकरणाने डागणे ही अधिक वापरातली पद्धत. उपकरणाचे गोल तोंड कळीवर टेकवून काही सेकंद फिरवतात. भोवती तांबूस रंगाचे पूर्ण कडे दिसले, की काम झाले. कडे अर्धवट राहिले तर वेडेवाकडे शिंग पुन्हा येते. दुसरी पद्धत दाहक मलमाची. ते जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांतच लावतात. पावसात भिजून ते डोळ्यांत उतरू शकते, वासरू गाईला पीत असेल तर कासही भाजते. म्हणून असे वासरू काही तास कोरड्या जागी, वेगळे ठेवावे लागते.

भूल आवश्यक आहे का?

होय. ‘वासरू लहान आहे, त्याला काय कळतंय’ हा समज चुकीचा आहे. डोळ्याचा बाहेरचा कोपरा आणि कळी यांच्या मधोमध, हाडाच्या कडेखालून शिंगाची नस जाते. पशुवैद्यक तेथे लिग्नोकेनचे इंजेक्शन देऊन तो भाग बधिर करतात. भूल चढायला काही मिनिटे थांबावे लागते. तिचा असर दोन-तीन तासांत ओसरतो आणि खरे दुखणे त्यानंतर सुरू होते. म्हणून मेलॉक्सिकॅमसारखे वेदनाशामक सोबत दिले जाते. पावसाळा आणि माश्यांचा काळ टाळलेला बरा.

कायदा काय म्हणतो?

प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यातील कलम ११ नुसार, विहित पद्धतीने जनावरांची शिंगे काढणे हा गुन्हा नाही. मात्र ही सूट विहित पद्धतीपुरतीच आहे.

सर्वच वासरांचे डागावे का?

नाही. खिलार बैलाची लांब, टोकदार शिंगे ही त्या जातीची ओळख. बाजारात गिऱ्हाईक ती पाहूनच बैल पारखतो आणि पोळ्याला तीच रंगवली जातात. अशा गोऱ्ह्याची कळी डागणे म्हणजे त्याची किंमत घालवणे. गोठ्यात दोन-तीनच गाई दावणीला असतील, तरीही घाई करण्याचे कारण नाही.

डागणे टाळता येईल का?

शिंगे नसण्याचे जनुक प्रभावी असते, म्हणजे आई-वडिलांपैकी एकाकडून ते आले तरी वासरू भुंडे निपजते. अँगस ही गोमांसासाठी पाळली जाणारी जात मुळातच बिनशिंगी आहे. होल्स्टीन या दुधाळ जातीतही असे वळू आहेत. त्यांचे रेतन वापरले तर डागण्याची गरज हळूहळू कमी होऊ शकते. तोवर मुक्तसंचार गोठ्यात संकरित वासरू जन्मले, की पहिल्या महिन्यातच पशुवैद्यकांची वेळ ठरवून घेणे हिताचे.