तिथीच्या पाऊणपट

बदलापूरच्या बेलवलीहून सायकल घेऊन निघणाऱ्या माणसापुढे दोन दिशा असतात. एक चढाची आणि एक उताराची. रविवारी पहाटे, ज्या वेळी संसारी मनुष्याने पांघरूण डोक्यावर ओढून घ्यावे नेमक्या त्याच वेळी, शिरस्त्राणे चढवून बारवी धरणाच्या किंवा माळशेजच्या वाटेला लागणारे तरुणांचे जथे पहिली दिशा धरतात आणि किती मीटर चढलो याचा हिशेब मनगटावरच्या घड्याळात घेऊन दुपारी घरी येतात. त्यांच्याविषयी मला आदर आहे. पण माझी वाट दुसरी. उल्हास नदी जिकडे जाते तिकडे जावे, ती जिथे मंदावते तिथे आपणही मंदावावे, आणि ती जिथे खारी होते तिथून पुढे समुद्राच्या कडेकडेने गुजरातच्या सरहद्दीपर्यंत सपाटीनेच रमतगमत जावे, असा माझा कित्येक हिवाळ्यांचा परिपाठ आहे.

सायकलीच्या पराक्रमाची परंपरा आपल्याकडे लहान नाही. 15 ऑक्टोबर 1923 रोजी मुंबईचे सहा पारशी तरुण सायकलींवरून पृथ्वीप्रदक्षिणेस निघाले, आणि त्यांपैकी अदी हकीम, जाल बापासोला व रुस्तुम भूमगरा हे तिघे 1928 साली ती पुरी करून परतले. वाळवंटे आणि जंगले तुडवणाऱ्या त्या वीरांपुढे आमच्यासारख्याने, दर दोन कोसांवर चहाला उतरणाऱ्याने, प्रवासाची गोष्ट काढू नये हेच बरे. तथापि पराक्रमी माणसाला जे दिसत नाही असे काही आळशी माणसाला दिसते, आणि या सपाट मुलखात तर दिसण्यासारखे जे आहे ते सारे जमिनीला चिकटून आहे: हातभर उंचीचा बांध, पाण्याचा बदललेला रंग, चिखलावर उड्या मारणारी निवटी. मोटारीतून हा प्रदेश ओसाड वाटतो तो त्याचा दोष नव्हे.

राजमाचीच्या डोंगरात उगम पावून कर्जत, नेरळ, बदलापूर असा प्रवास करीत सुमारे 122 किलोमीटरनंतर समुद्राला मिळणारी ही नदी बेलवलीच्या परिसरात अजून गोडी आहे. उन्हाळ्यात ती इतकी विनयशील असते की, 27 जुलै 2019 रोजी हिच्याच पुराने बदलापूर आणि वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकून पडली व हजाराहून अधिक प्रवाशांना नावांतून बाहेर काढावे लागले, हे परगावच्या पाहुण्याला सांगितले तर तो थट्टा समजतो. सुरतेच्या वाटेवर येथे घोडे बदलीत म्हणून हे बदलापूर, अशी लोकांत आख्यायिका आहे. ती खरी असो वा नसो, वाहन बदलण्याचे गाव ही त्याची ख्याती लोकलच्या फलाटावर आजही अबाधित आहे.

बेलवलीहून कल्याणपर्यंतचा टप्पा लोहमार्गाने मोजला तर जेमतेम चौदा-पंधरा किलोमीटरांचा, पण सायकलस्वाराला सर्वांत कष्टाचा तोच. कारण वाहनांची गर्दी. अंबरनाथला वालधुनीच्या काठी शके 982 चा, म्हणजे 1060 सालचा, शिलाहारांचा शिवालय-लेख आहे, आणि त्या देवालयाच्या भिंतींवरील शिल्पांपुढे तास काढल्यावर शेजारच्या नदीकडे पाहावयाचे धैर्य होत नाही, इतके तिचे पाणी काळवंडले आहे. पुढे उल्हासनगर. नकाशात येथून सरहद्द शेकडो कोस दूर, तरी सरहद्दीवरचे म्हणावे असे आपल्याकडे हेच शहर. कारण कल्याण कॅम्पच्या लष्करी बराकींत 1947 नंतर सिंधहून आलेली निर्वासित कुटुंबे उतरली आणि 1949 साली त्या छावणीस उल्हासनगर हे नाव मिळाले. एका दुकानात चेन दुरुस्त होईपर्यंत म्हाताऱ्या मालकाशी बोलत बसलो, तेव्हा ‘आमच्याकडे’ हा शब्द त्यांनी दोनदा उच्चारला. एकदा सिंधमधल्या शिकारपूरला उद्देशून, एकदा इथल्या शहाडला.

कल्याणला नदीची खाडी होते. 1657 साली शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराचा आरंभ याच खाडीशी जोडला जातो. परंतु दुर्गाडी किल्ल्याखाली सायकल टेकवून उभा राहणारा मनुष्य इतिहासापेक्षा अगोदर वास ओळखतो. खाऱ्या चिखलाचा तो वास आला की समजावे, खरा प्रवास येथून सुरू झाला.

भिवंडीच्या पलीकडे अंजूर, खारबाव, कामण अशी गावे लागतात. अवजड मालमोटारींच्या हमरस्त्याने गेलात तर धुळीवाचून काही पदरी पडणार नाही. गावातल्या रस्त्यांनी जावे. हा मुलूख दोन शतके सरहद्दीचा होता: एका अंगास कल्याणचा सुभा, दुसऱ्या अंगास पोर्तुगिजांच्या वसईचे फिरंगाण. अंजूरच्या गंगाजी नाईकांनी पेशव्यांकडे धरलेला आग्रह हे 1737 च्या साष्टीच्या मोहिमेचे एक प्रमुख कारण, आणि 1739 च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसई घेतली तेव्हा ही सरहद्द पुसली गेली. पुसली गेली म्हणजे दप्तरातून; वसईच्या बाजूस वाडीवाडीतले क्रूस आणि अंजूरच्या बाजूची देवळे पाहत सायकल हाकणाऱ्याला ती अजून पुसट दिसते.

दुसरी सरहद्द मात्र रोज दोन वेळा हलते, ती गोड्या आणि खाऱ्या पाण्याची. भरतीच्या पाण्यास मातीचा बांध घालून आतली जमीन पिकाखाली आणावयाची, ही आपल्या किनाऱ्यावरची अत्यंत जुनी विद्या. हॉलंडमधील लोकांनी पवनचक्क्या लावून पाणी उपसले म्हणून जगात त्यांचा गवगवा झाला. आपल्या आगरी-कुणब्यांनी बांधात लाकडी झापेची उघाडी बसवली, जी भरतीच्या दाबाने आपोआप मिटते आणि ओहोटीला आतल्या पावसाच्या पाण्याच्या रेट्याने उघडते, आणि उपसण्याचे काम चंद्राकडे सोपवून दिले. त्यांचा तिकडे सत्कार झाला, आपल्याकडे हे काम केवळ खारबंदिस्ती म्हणून दप्तरी नोंदले गेले. अशा खारीत पूर्वी काळा राता, भुरा राता अशी खारटपणा सोसणारी लाल भाते घेत. बांधाला एक भगदाड पडले तर शेजारच्या दहा जणांची शेती खारी होते, म्हणून बांधाची राखण हा कधीच एकट्याचा मामला नव्हता. दक्षिणेकडे अलिबाग-पेणच्या खारेपाटात बांध सांभाळणाऱ्या शिलोत्रदारांना त्याबद्दल कुळांकडून वेगळे धान्य मिळे. पुढे खोत व कुळे यांचे संबंध इतके बिघडले की 1933 साली चरी येथे शेतकऱ्यांनी जमीन कसणेच बंद केले, आणि नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखालील तो संप सहा वर्षे चालला. 1948 च्या खारजमीन कायद्याने बांधांकडे सरकारचे लक्ष वेधले खरे. पण लक्ष वेधणे आणि दर पावसाळ्याआधी माती ओढणे यांत अंतर असते. फुटके बांध आणि आत शिरलेली तिवरे पाहिली की ते अंतर मोजता येते.

या वाटेने जाणाऱ्याने घड्याळाआधी पंचांग पाहावे. जुने कोळी एक सोपा हिशेब सांगतात: तिथीची पाऊणपट करावी, जो आकडा येईल ती भरतीची वेळ. अष्टमीला आठाचे सहा, म्हणजे सकाळी व सायंकाळी सहाच्या सुमारास पाणी पूर्ण भरलेले आणि मध्यान्ही ओहोटी. दररोज पाऊण तासाच्या आसपास ही वेळ पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या भोवती उधाण, अष्टमीच्या भोवती भांग, म्हणजे मंद भरती-ओहोटी. मी हा हिशेब प्रथम ऐकला तेव्हा त्यावर विश्वास ठेवला नाही, आणि खाडीकाठच्या एका पायवाटेने शॉर्टकट घेऊ पाहिला. परिणामी सायकल खांद्यावर, चपला हातात आणि पोटऱ्यांपर्यंत चिखल अशा थाटात गावात प्रवेश करावा लागला. एका आजीबाईंनी पाय धुवायला घागर दिली आणि विचारले, “बाबा, आज पुनव ना रे?” त्यांच्या प्रश्नात उपहास नव्हता, हे मला अधिक लागले.

मिठागरेही याच पाण्याच्या मर्जीवर चालतात. उधाणाचे पाणी मोठ्या कप्प्यात घ्यायचे, ते उन्हाने आटून दाट होत जाईल तसतसे लहान वाफ्यांत उतरवायचे, आणि शेवटल्या उथळ वाफ्यात स्फटिक धरला की फळीने ओढून ढीग करायचे. ज्या आगरावरून आगरी हे नाव पडले ते हेच. पावसाळा संपून जमीन वाळली की काम सुरू होते आणि पहिल्या पावसाबरोबर थांबते. माघातल्या दुपारी त्या बांधांवरून सायकल नेताना दोन्ही बाजूंची पाणथळ एवढी लखलखते की डोळे मिटून घ्यावेसे वाटतात. तिथेच शेकाट्या आपल्या लाल पायांवर तोल सावरीत उभा असतो, आणि सायकल थांबली तरच उडतो. चालत्या सायकलीचे त्याला भय नाही.

वसईपासून उत्तरेस वैतरणा ओलांडून गेल्यावर केळवे, माहीम, सातपाटी अशी पानमळ्यांची आणि मासेमारीची गावे येतात. त्यांविषयी पर्यटकांनी पुष्कळ लिहिले आहे. पालघरच्या चौकात 14 ऑगस्ट 1942 च्या गोळीबारातील पाच हुतात्म्यांचे स्मारक आहे, तेथे क्षणभर उतरावे. तारापूरजवळ 1969 पासून चालू असलेल्या अणुवीज केंद्रामुळे किनारा सोडून वळसा घ्यावा लागतो. डहाणू तालुका 1991 च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरला. तिथल्याच वाढवण येथील बंदराची पायाभरणी 30 ऑगस्ट 2024 रोजी झाली, आणि कोळी समाजाचा विरोध त्याआधीही होता, त्यानंतरही आहे. माझे मत विचाराल तर ज्या किनाऱ्याला सरकारने एकदा नाजूक म्हटले त्यावर सर्वांत जड वस्तू ठेवणे हे मला शहाणपणाचे वाटत नाही.

डहाणू ते बोर्डी हा सुमारे सतरा किलोमीटरांचा रस्ता मात्र मी वर्षातून एकदा तरी करतो. एका हाताला सुरूची बने आणि समुद्र, दुसऱ्या हाताला चिकूच्या वाड्या. या चिकूला 2016 साली भौगोलिक मानांकन मिळाले. याच बोर्डीत 1945 साली ताराबाई मोडकांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र काढले, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे ते काम कोसबाडच्या टेकडीवर गेले. ज्या वर्षी ही शाळा निघाली त्याच वर्षीच्या मे महिन्यात जवळच्या झरी गावी हजारो वारली जमले आणि गोदावरी व शामराव परुळेकरांच्या मार्गदर्शनाखाली वेठबिगारीविरुद्ध उभे राहिले. झरी तेव्हा ठाणे जिल्ह्यातील उंबरगाव तालुक्यात होते. 1 मे 1960 ला त्या तालुक्याचा बराचसा भाग गुजरातेत गेला, आणि झरीसारखी जी गावे इकडे राहिली ती तलासरीच्या पदरी पडली. एकाच पाड्याच्या सोयरिकी दोन राज्यांत झाल्या, एकाच वारल्याचे दाखले दोन भाषांत निघू लागले. पारशांचे पूर्वज ज्या संजाणला उतरले ते पलीकडच्या बाजूस; त्यांनी पवित्र अग्नी ज्या बहरोटच्या डोंगरात लपवला तो अलीकडच्या. उंबरगावलाच ‘रामायण’ मालिकेचे चित्रीकरण झाले हे तेथील चहावाला अजून न विचारता सांगतो, आणि सांगताना मराठीत सुरुवात करून गुजरातीत संपवतो.

झाईच्या पुढे पाट्यांवरची लिपी बदलते. रस्ता, माडांच्या रांगा आणि हवेतला मासळीचा वास तोच राहतो. मी तेथूनच सायकल वळवतो.

लक्ष्मीपूजनाची अमावास्याच घ्या. पंधराची पाऊणपट सव्वाअकरा. म्हणजे त्या दिवशी बोर्डीचा समुद्र पहाटे पाच-साडेपाचला सर्वांत दूर गेलेला असतो, वाळू टणक असते आणि सायकलीला चार-पाच तास मोकळे मिळतात. साडेदहाच्या आत मात्र किनारा सोडावा.