गळ, काठी आणि थोडी सबुरी

नोकरी संपली की दिवस मोठा होतो. शेतकऱ्यालाही सुगी आटोपली की असेच वाटते. हात रिकामे असले की मन भलतीकडे धावते. कोणी पत्ते कुटतो, कोणी चहाच्या टपरीवर बसून दुसऱ्याच्या घरातल्या गोष्टी काढतो. आम्ही शाळेतून निवृत्त झालो, तेव्हा पहिले सहा महिने आम्हीही पारावरच बसून काढले. मग एके दिवशी लहानपणीचा एक नाद आठवला. गळाने मासे धरण्याचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांत आम्ही गळाला हात लावला नव्हता.

तुमच्यापैकी पुष्कळांनी लहानपणी गळ टाकला असेल. पुढे संसार आला, कामधंदा आला आणि नाद सुटला. तो पुन्हा धरायचा असेल तर काय करावे? खर्च किती येतो? हे या पाठात सांगू. पण आधी आमची फजिती ऐका. तिच्यातूनच आम्ही शिकलो.

आमची पहिली चूक

आम्ही शहरात गेलो. दुकानात चकचकीत काठ्या होत्या, दोरी गुंडाळायच्या चक्र्या होत्या, रंगीत प्लास्टिकचे मासे होते. दुकानदार दाखवत गेला, आम्ही घेत गेलो. बाहेर पडलो तेव्हा २,४०० रुपये खर्च झाले होते. रोजगारावर जाणाऱ्या माणसाची ती कित्येक दिवसांची कमाई!

दुसऱ्या दिवशी कृष्णेच्या काठावर गेलो. काठी फिरवून गळ फेकला, तो मागच्या बाभळीत अडकला. सोडवला, पुन्हा फेकला, तर चक्रीवर दोरीचा असा गुंता झाला की तो सोडवण्यात दुपार झाली. तिसऱ्या दिवशी गळ तळाच्या खडकात रुतला. आम्ही हिसका दिला. काठीचे टोक मोडले.

मागे कोणीतरी हसले. वळून पाहिले तर नदीवर जाळे टाकून पोट भरणारे एक गृहस्थ उभे होते. ते म्हणाले, "गुरुजी, मासा काठीची किंमत बघत न्हाई. उद्या सकाळी या. मी दावतो."

जवळ आल्यावर आम्ही त्यांना ओळखले. ते आमचेच जुने विद्यार्थी. चौथीत होते. शाळा चुकवून नदीवर जायचे. एकदा आम्ही त्यांना नदीवरून कानाला धरून आणले आणि साऱ्या वर्गासमोर हातावर पाच छड्या मारल्या. पुढे ते शाळेत आलेच नाहीत. आम्ही ही गोष्ट विसरून गेलो होतो. ते विसरले नव्हते. "पाच छड्या, गुरुजी," ते हसत म्हणाले. आम्हाला मात्र हसू आले नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही गेलो. आता मास्तर ते होते आणि विद्यार्थी आम्ही.

सामान काय लागते?

काठी, दोरी, गळ, वजन आणि भेंड. या पाच वस्तू पुरतात. चक्री लागत नाही.

काठी वेळूची घ्यावी. नऊ-दहा फूट लांब, सरळ आणि टोकाकडे निमुळती. ओला वेळू जड असतो आणि वाकडा होतो. म्हणून तो महिनाभर सावलीत वाळवावा. बाजारात अशी काठी आम्हाला ४० रुपयांना मिळाली. बांधावर वेळूचे बेट असेल तर तेही वाचतील.

दोरी नायलॉनची. पूर्वी लोक सुताची दोरी वापरत. ती पाण्यात कुजे आणि माशाला दिसेही. नायलॉनचा शोध १९३५ साली लागला. नायलॉनची दोरी कुजत नाही आणि पाण्यात फारशी दिसत नाही. रिळावर जाडी छापलेली असते. ०.३० मिलिमीटर जाडीची दोरी किलो-दोन किलोच्या माशाला पुरते. ५० मीटरला ४० रुपये पडले.

दोरी बांधण्याची एक युक्ती आहे. नुसती टोकाला बांधू नये. आधी काठीच्या मुठीजवळ बांधावी, मग काठीवरून दोन-तीन वेढे देत टोकापर्यंत न्यावी आणि तिथे पुन्हा गाठ मारावी. मग टोक मोडले तरी दोरी आणि मासा हातचा जात नाही. टोकापुढे मोकळी दोरी काठीएवढीच लांब ठेवावी.

गळाच्या पाकिटावर नंबर असतो. इथे उलटा हिशेब आहे बरे का! नंबर मोठा तसा गळ लहान. १० नंबरचा गळ ६ नंबरच्या गळापेक्षा लहान असतो. लहान-मध्यम माशांना ८ किंवा १० नंबर ठीक. आमचा गळ मोठा होता. मासे आमिष कुरतडून जात आणि आम्ही नशिबाला दोष देत बसायचो. दहा गळांचे पाकीट ३० रुपयांना मिळाले.

वजनासाठी सायकलच्या दुकानातला जुना, लहान नट चालतो. पुष्कळ लोक शिसे लावतात आणि ते दाताने दाबतात. तसे करू नये. शिसे विषारी आहे.

राहिले भेंड. ज्वारीचे वाळलेले चिपाड सोलावे. आतला हलका गाभा म्हणजे भेंड. त्याचा बोटभर तुकडा दोरीला बांधला की तो पाण्यावर तरंगतो. मासा लागला की बुडतो. भिजून जड झाला की नवा बांधावा. याला पैसे पडत नाहीत.

आता बेरीज करा. ४० आणि ४० आणि ३०. एकूण ११० रुपये.

गाठ कशी मारावी?

दोरीचे टोक गळाच्या नेढ्यातून ओवावे. ते मूळ दोरीभोवती पाच वेळा गुंडाळावे. मग नेढ्याजवळ जो लहान फासा राहतो, त्यातून टोक बाहेर काढावे. आता गाठ थुंकीने ओली करून हळूहळू ओढावी. ओली का करायची? कोरडी दोरी ओढली तर घासून तापते आणि तिथेच कमजोर होते. मग मोठा मासा नेमका तिथेच दोरी तोडतो.

मासा कुठे असतो?

सगळे मासे एका जागी चरत नाहीत. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या थरात आणि मृगळ तळाशी. म्हणून भेंड दोरीवर खालीवर सरकवून गळ किती खोल जावा ते ठरवावे. अर्धा तास काही लागले नाही तर जागा सोडण्याआधी खोली बदलून पाहावी.

ओढा नदीला मिळतो ती जागा चांगली. झाडाची सावली पाण्यावर पडते ती जागा चांगली. वेळ सकाळची किंवा दिवस कलल्यावरची धरावी. उन्हाळ्यात भर दुपारी मासा खोल जातो. तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी राहतो. मासा सुस्तावतो, खात नाही.

काठावर पाय आपटत चालू नये. माशाच्या दोन्ही कुशींवर एक बारीक रेघ असते. त्या रेघेने त्याला पाण्यातला हादरा कळतो. तुमचे पाऊल त्याला तुमच्या आधी भेटते.

आमिष साधे असावे. उकिरड्याजवळच्या ओल्या मातीतली गांडुळे पुष्कळ माशांना आवडतात. रोहूच्या जबड्यात दात नसतात, ते घशात असतात. त्याला कणीक आणि शेंगदाण्याची पेंड मळून केलेली मऊ गोळी द्यावी. चिलापी काहीही खाते. हा मासा मूळचा आफ्रिकेतला. १९५२ साली तो भारतात आणला गेला. मादी अंडी आणि पिले तोंडात सांभाळते, म्हणून त्यांची संख्या भराभर वाढते आणि बाकीच्या माशांना जागा उरत नाही. चिलापी धरली तर नदीचे नुकसान नाही. शिकाऊ माणसाने तिच्यापासूनच सुरुवात करावी.

भेंड थरथरले की घाई करू नये. मासा अजून चाखून बघत असतो. भेंड सरळ खाली गेले किंवा तिरके पळाले की काठी अलगद वर उचलावी. हिसका देऊ नये.

शिंगाळा लागला तर जपून. त्याच्या पाठीवर आणि दोन्ही बाजूंना काटे असतात. ते टोचले तर हात ठणकतो. लहान मासा आला तर ओल्या हाताने धरून परत सोडावा. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर त्याला रोगापासून वाचवतो. कोरड्या हाताने तो निघून जातो. खायला ठेवायचा मासा तडफडत ठेवू नये. डोक्यावर एक टोला देऊन लगेच संपवावा आणि ओल्या फडक्यात सावलीला ठेवावा.

परवानगी आणि पाप-पुण्य

नदी सर्वांची, मग विचारायचे कोणाला? असे आम्हीही म्हणालो होतो. पण धरणे आणि तलाव बहुधा मच्छीमार संस्थांनी ठेक्याने घेतलेले असतात. त्या पैसे भरून माशांचे बीज सोडतात. पूर्वी रोहू-कटल्याचे बीज नदीतूनच गोळा करावे लागे. १९५७ साली डॉ. हिरालाल चौधरी यांनी माशांना सुई टोचून तळ्यात अंडी घालायला लावण्याची रीत यशस्वी केली. म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन मानतात. असे विकत घेऊन सोडलेले मासे कोणाच्या तरी पोटाचा घास आहेत. म्हणून आधी संस्थेला विचारावे आणि पैसे भरले तर पावती घ्यावी.

सुरुंग लावून किंवा पाण्यात विष कालवून मासे मारणे हा गुन्हा आहे. १८९७ सालापासून तसा कायदा आहे. काही जण मोटारीची वायर पाण्यात सोडतात. त्यात मासे मरतात आणि माणसेही मरतात. पावसाळ्याच्या सुरुवातीला चढणीचे मासे येतात, तेव्हा त्यांच्या पोटात अंडी असतात. एक मादी मारली म्हणजे पुढची सारी पिढी मारली. तेव्हा गळ खुंटीला टांगावा.

तुटलेली दोरी काठावर टाकू नये. नायलॉन वर्षानुवर्षे कुजत नाही. आम्ही एक खंड्या अशा दोरीत पाय अडकून मेलेला पाहिला. ती दोरी बहुधा आमचीच होती. तेव्हापासून आम्ही तुकडान् तुकडा खिशात घालून घरी आणतो.

जिवाची काळजी

मासा उद्याही मिळेल, जीव मिळणार नाही. सांगली जिल्ह्यात कृष्णेच्या पात्रात मगरी आहेत. माणसांवर हल्लेही झाले आहेत. पाण्यात उतरून गळ टाकू नये. काठापासून दोन-तीन पावले मागे, उंच जागी बसावे आणि अंधार पडण्याआधी उठावे. वरच्या धरणातून पाणी सोडले की पात्र चढते. भोंगा वाजला किंवा दवंडी झाली की सामान आवरावे. वीज कडाडत असताना काठी हातात धरू नये. काठावर पंपाच्या तारा असतात, काठी उभी करण्याआधी वर बघावे. दुकानातल्या काळ्या कार्बनच्या काठीतून तर वीज चांगलीच वाहते.

शेवटची गोष्ट

एका सकाळी आम्ही दोघे शेजारी बसलो होतो. मनात बरेच दिवस होते ते आम्ही बोललो. म्हणालो, "त्या पाच छड्यांचे आम्हाला फार वाईट वाटते. तू नदीवर काय शिकत होतास, ते आम्ही एकदाही विचारले नाही."

ते काही बोलले नाहीत. पाण्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने म्हणाले, "गुरुजी, भेंड बघा. बुडालं."

ती पाऊण किलोची चिलापी होती. दोन्ही घरी कालवण झाले.

संध्याकाळी आमच्या घरी साक्षरतेचा वर्ग भरतो. त्याच आठवड्यात ते पहिल्यांदा आले आणि दाराजवळ बसले. आता चार महिने झाले. परवा संस्थेची पावती त्यांनी आमच्या हातात दिली नाही. डोळ्यांजवळ धरून स्वतः वाचली. रक्कम वाचली, तारीख वाचली, मग आपले नाव वाचले. नावापाशी थोडे थांबले. नंतर घडी घालून खिशात ठेवली आणि म्हणाले, "गुरुजी, उद्या लवकर या. वारा पडलाय, मासा वर यील."

आम्ही उद्या लवकर जाणार आहोत.