न वाचता दिलेल्या उत्तरांची तीन दशकं

ऑनलाइन सर्वेक्षणं रुळण्याच्या बरंच आधी, १९९१मध्ये, अमेरिकन संशोधक जॉन क्रॉसनिक यांनी या दुखण्याचं मूळ सांगून ठेवलं होतं. प्रश्न समजून घ्यायचा, आठवायचं, आठवलेलं तोलायचं आणि मग पर्याय निवडायचा, याला डोकं लागतं. प्रश्न किचकट असला, भरणारा दमलेला असला किंवा त्याला विषयात रस नसला, की तो चालून जाईल असं उत्तर देतो. ‘सहमत’च्या रकान्यात वरपासून खालपर्यंत टिक करत सुटतो. त्याला फसवायचं नसतं, उरकायचं असतं.

इंटरनेट आलं आणि समोर बसून विचारणारा माणूसच गेला. त्याच्याबरोबर भीडही गेली. २००५मध्ये ॲमेझॉनचं मेकॅनिकल टर्क हे किरकोळ ऑनलाइन कामांचं व्यासपीठ सुरू झालं. प्रश्नावल्या भरणं हे तिथे उक्तं काम झालं, लवकर उरकेल तितकी कमाई. संशोधक मग सापळे लावू लागले: ‘या प्रश्नाला पूर्णपणे असहमत हेच निवडा.’ २०१२मध्ये मीड आणि क्रेग यांना एका लांबलचक प्रश्नावलीत १० ते १२ टक्के विद्यार्थी निष्काळजीपणे उत्तरं देताना आढळले.

एवढ्याने काय बिघडतं? दुर्मीळ गोष्टींबाबत फार बिघडतं. जे जवळपास कुणीच केलेलं नाही, त्याचं खरं उत्तर ‘नाही’च असतं, न वाचता केलेली चूक ‘हो’कडेच जाते. मे २०२०मध्ये, कोरोनाच्या साथीत, अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेने ५०२ जणांना विचारलं, तेव्हा चार टक्क्यांनी पातळ केलेलं ब्लीच प्यायल्याचं किंवा त्याच्या गुळण्या केल्याचं सांगितलं. त्याची मोठी बातमी झाली. नंतर इतर संशोधकांनी सापळे लावून असंच विचारलं, तर ‘हो’ म्हणणारे बहुतेक जण भरवशाचे निघाले नाहीत. २०२२मध्ये प्यू रिसर्च सेंटर या अमेरिकन संशोधन संस्थेच्या एका चाचणीत तिशीच्या आतल्या १२ टक्के लोकांनी अणुपाणबुडी चालवण्याचा परवाना असल्याचं सांगितलं!

डिसेंबर २०२३चं उदाहरण मात्र मला अस्वस्थ करतं. ज्यूंचा नरसंहार ही भाकडकथा आहे, हे तिशीच्या आतल्या २० टक्के अमेरिकनांना मान्य असल्याचं एका ऑनलाइन चाचणीत दिसलं. प्यूने टपालाने निमंत्रण देऊन निवडलेल्या लोकांना तेच विचारलं, तेव्हा आकडा तीन टक्के आला. तोवर एका अख्ख्या पिढीवर ठपका बसला होता.

आपल्याकडे प्रबंधांसाठीचे गूगल फॉर्म व्हॉट्सॲपवर सतत फिरतात आणि ओळखीखातर भरले जातात. फॉर्म बनवणाऱ्यांनो, सापळे वाढवण्याआधी निम्मे प्रश्न काढून टाका. आणि भरणाऱ्यांनो, वाचायला वेळ नसेल, तर कृपा करून फॉर्म भरूच नका.