मोटारीचें कापडी छप्पर
उघड्या मोटारीचें कापडी छप्पर जीर्ण झालें म्हणजे मालकास कारागिराचीच आठवण होते. तथापि १९८९ सालीं निघालेल्या जपानी माझदा एमएक्स-५ सारख्या लहान गाडीचें छप्पर धिमा मनुष्य स्वतःही बदलूं शकतो. जुनें कापड ओरबाडून काढूं नये. कोणती पट्टी कोठें होती, याची खूण आधीं करावी. नवें कापड उन्हांत मऊ होऊं द्यावें. थंडींत तें नीट ताणत नाहीं.

परंतु खरें मर्म मागच्या पन्हळींत आहे. छपराचें पाणी तींत उतरून आसनांमागील दोन नळ्यांवाटे खालीं जातें. या नळ्या पालापाचोळ्यानें तुंबल्या, तर नव्या छपराखालींही गाडी भिजते व पत्रा आंतून गंजतो. म्हणून कापड ताणण्यापूर्वीं नळ्यांत तांब्याभर पाणी ओतावें; तें जमिनीवर निर्वेध पडलें, तरच पुढें जावें.