विश्लेषण : जुन्या गाडीचा पंखा ओरडतोय? आवाजावरून बिघाड कसा ओळखाल?

उन्हाळ्यात बीड जिल्ह्याचा पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा जुन्या गाड्यांची दुखणी बॉनेटखालून बाहेर येऊ लागतात. प्रीमियर पद्मिनी, अँबॅसिडर, जुनी जीप अशा गाड्यांमध्ये इंजिन थंड ठेवणाऱ्या पंख्याचा आवाज बदलणे ही पहिली सूचना असते. तिच्याकडे दुर्लक्ष झाले, तर धुळे-सोलापूर महामार्गावरील मांजरसुंबा घाटासारख्या चढावर गाडी वाफा सोडत थांबू शकते. मग शंभर-दोनशे रुपयांच्या दुरुस्तीऐवजी थेट इंजिन उघडावे लागते.

जुन्या गाडीचा पंखा वेगळा कसा?

आजच्या गाड्यांत पंखा विजेवर चालतो आणि गरज असेल तेव्हाच सुरू होतो. पद्मिनी किंवा अँबॅसिडरमध्ये मात्र पंखा वॉटर पंपाच्या पुलीवर बसवलेला असतो. इंजिन फिरले की फॅन बेल्ट फिरतो आणि त्याच बेल्टवर पंखा, वॉटर पंप आणि डायनॅमो चालतात. म्हणून ‘पंख्याचा आवाज’ म्हणून येणारी तक्रार बऱ्याचदा पंख्याची नसतेच.

कोणता आवाज साधा?

ॲक्सिलरेटर दाबल्यावर वाढणारा ‘घोंऽऽ’ असा वाऱ्याचा आवाज नैसर्गिक आहे. पंख्याचा वेग दुप्पट झाला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो आणि त्याला लागणारी ताकद आठपट होते. चढावर खालच्या गिअरमध्ये पंखा जास्त गरजतो, तो यामुळेच.

कोणता आवाज धोक्याचा?

चिरका आवाज : सकाळी गाडी सुरू करताना किंवा अचानक रेस केल्यावर किंचाळल्यासारखा आवाज आला, तर बेल्ट सैल, गुळगुळीत किंवा तडकलेला असतो. इंजिन बंद करून बेल्ट मध्यभागी अंगठ्याने दाबा. साधारण १० ते १५ मिलिमीटर दबला तर ठीक. बेल्ट प्रमाणाबाहेर ताणणेही चूक, त्याने बेअरिंग लवकर जातात.

घरघर : सतत घरघर येत असेल, तर वॉटर पंपाच्या किंवा डायनॅमोच्या बेअरिंगवर संशय घ्या. इंजिन बंद असताना पंख्याची पाती धरून पुढे-मागे हलवा. पंखा डगमगला किंवा पंपाखालच्या छोट्या छिद्रातून पाणी ठिबकत असेल, तर पंप बदलायची वेळ आली.

टकटक, खडखड : पाते रेडिएटरला किंवा भोवतीच्या पत्र्याला घासते, बोल्ट सैल झाले आहेत किंवा इंजिनचे माउंटिंग बसले आहे. पाते तडकले असेल तर गाडी चालवू नका. तुटलेले पाते रेडिएटर फाडू शकते.

नक्की दोष कुठे, हे कसे कळेल?

सोपी चाचणी अशी : थंड इंजिनवर बेल्ट काढा आणि इंजिन फक्त अर्धा मिनिट चालवा. आवाज थांबला, तर दोष बेल्टवर चालणाऱ्या भागांत आहे. आवाज कायम राहिला, तर तो इंजिनातून येतोय. मग बेल्ट नसताना पंपाची आणि डायनॅमोची पुली हाताने फिरवून पाहा. जी खरखरते, तिचे बेअरिंग गेले. बेल्ट नसताना पंप बंद असतो, म्हणून इंजिन जास्त वेळ चालवू नका.

आवाज बंद, तरी गाडी गरम होते?

मराठवाड्यातली धूळ रेडिएटरच्या जाळीत अडकते, तर बोअरच्या जड पाण्याचा क्षार आतल्या नळ्यांत साचतो. घाटात गाडीचा वेग कमी असल्याने समोरून वारा कमी मिळतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. जाळी आतून बाहेरच्या दिशेने, कमी दाबाच्या पाण्याने धुवा. साध्या पाण्याऐवजी डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट वापरा.

इलेक्ट्रिक पंखा बसवावा का?

बसवता येतो, पण जुन्या डायनॅमोला त्याचा भार पेलेल का, हे आधी तपासावे लागते. शिवाय २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हिंटेज’ नोंदणी मिळते, मात्र चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. पद्मिनी हे नाव १९७४ मध्ये आले. म्हणजे सुरुवातीच्या पद्मिनी आता या वयात पोहोचल्या आहेत. त्यामुळे बदल केलाच, तर मूळ पंखा आणि पुली जपून ठेवा.

हे कधीही करू नका

• चालू इंजिनजवळ सैल बाही, ओढणी, गमछा किंवा हात नेऊ नका.
• इंजिन गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नका. दाबाखालचे उकळते पाणी अंगावर उडते.
• तापलेल्या इंजिनवर थंड पाणी ओतू नका. हेडला तडा जाऊ शकतो.
• तापमानाचा काटा लाल रेषेकडे गेला, तर गाडी बाजूला घ्या, इंजिन बंद करा आणि किमान अर्धा तास थांबा.